आवाज सातवर

सगळी गल्ली त्यांना काजवाल्या काकू म्हणते, आणि काकूंना ते नाव मुळीच आवडत नाही. काम मात्र अभिमानाचं. शिंप्यांच्या दुकानांतून शर्टांचे गठ्ठे यायचे, काकू हातानं काजं करून द्यायच्या. चाळीस वर्षं केली. पण नाव पडलं ते थोरल्या जाऊबाईंमुळे. घरात पाहुणे होते. कुणीतरी विचारलं, "ह्या कोण?" जाऊबाई चहाचा ट्रे घेऊन घाईत होत्या. म्हणाल्या, "ह्या होय? ह्या काजं करतात."

झालं! घरातली सून, आणि ओळख काय, तर म्हणे काजं करतात! काकूंनी त्या दिवशी अबोला धरला तो नऊ वर्षं सोडला नाही. दोघींचे नवरे गेले, मुलं लांब गेली. एकाच घराच्या दोन खोल्या, मधे फळ्यांची भिंत, आणि इकडून तिकडे ब्र नाही.

पण दुपारी तीनला रेडिओवर 'दुपारची पत्रं' लागायचं. एक बाई श्रोत्यांची पत्रं वाचायची. कुणाचं मांजर हरवलेलं, कुणाच्या सुनेनं पहिल्यांदा 'आई' म्हटलेलं. अर्ध्या तासात पत्र कधी संपायचंच नाही. मग ती हसून म्हणायची, "उरलेलं उद्या." काकूंचा एखादा शर्ट राहिला की त्याही शिंप्याला तेच ऐकवायच्या.

एकदा काकूंनी आवाज बारीक ठेवला, तर भिंतीवर दोनदा टकटक झाली. जाऊबाईंकडे रेडिओ नव्हता. काकूंनी नाक मुरडलं, पण आवाजाचं बटण चारवरून सातवर नेलं. तेव्हापासून रोज सात. भिंतीपलीकडून हसू ऐकू आलं की काकूही हसायच्या, तोंडावर हात ठेवून. ऐकू गेलं तर काय घ्या!

आणि एका मंगळवारी ती बाई म्हणाली, आज आपला शेवटचा दिवस. काकूंची सुई थांबली. गल्लीतला मेडिकलवाला म्हणाला, आता दुपार सरता सरत नाही. लाँड्रीवाल्यानं तर रागानं रेडिओ माळ्यावर टाकला. पण जाऊबाईंना कुणी सांगितलंच नाही. त्या दिवशी त्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला गेल्या होत्या. परत आल्या त्या काळा चष्मा लावून, खोलीबाहेर पडायचं नाही असं डॉक्टरांकडून बजावून घेऊन.

दुसऱ्या दिवशी तीनला भिंतीवर टकटक झाली.

काकूंनी रेडिओ लावला, तर कुणीतरी पोरगा दणदणीत गाणी लावत होता. आता काय करणार? तेच सातवर केलं. पलीकडून धाडधाड दोन बुक्के! जाऊबाईंना वाटलं, मुद्दाम केलंन. मी आजारी, मी ऐकते, म्हणून स्टेशन बदललंन.

भिंतीतून ओरडून सांगायला कितीसा वेळ? पण मग आपण आधी बोललो असं होणार. नऊ वर्षं पाण्यात जाणार. गुरुवारी एकच टकटक झाली, अगदी हळू. शुक्रवारी तीही नाही. सव्वातीन झाले, साडेतीन झाले. काकूंना ती शांतता सोसवेना. आता ही बाई मरेपर्यंत आपल्याला खुनशी समजणार, आणि खुनशी तर आपण नाहीच. शनिवारी पावणेतीनलाच काकूंनी सुईदोरा आणि एक शर्ट उचलला आणि शेजारचं दार वाजवलं.

"कोण आहे?"

स्वतःचं नाव सांगायचं सोडून काकू म्हणाल्या, "मी... काजवाली."

आतून आवाज आला, "दार उघडंच आहे."

जाऊबाई पलंगावर बसल्या होत्या. केवढ्याशा दिसत होत्या! "बंद केलास ना? मी ऐकते म्हणून?"

"अहो, तो कार्यक्रमच बंद झाला! कायमचा. तुम्ही डोळ्याला गेलात त्याच दिवशी."

"कायमचा?" जाऊबाईंनी पदर तोंडाला लावला. "आणि मी इथे तुला शिव्या घालत बसले गं."

"भिंतीवरनंच कळलं मला."

दोघी हसल्या. या वेळी तोंडावर हात न ठेवता.

"शेवटी काय वाचलं तिनं?"

काकू खाली बसल्या आणि काज करता करता सांगू लागल्या. सातवर नाही, आपल्या साध्या आवाजात. एका म्हाताऱ्याचं पत्र होतं, बायकोला उद्देशून. ते अर्ध्यावर आलं तोच मेडिकलवाला डोळ्याचे थेंब घेऊन आला. गल्लीतला असूनही नऊ वर्षांत त्यानं या दोघींना एका खोलीत पाहिलं नव्हतं. दारातच थबकला. "काजवाल्या काकू? तुम्ही इथे?"

"काजवाल्या काय रे!" जाऊबाई चष्म्याआडून कडाडल्या. "जाऊ आहे ती माझी. सख्खी जाऊ."

काकूंची सुई बोटात गेली. त्यांनी बोट तोंडात धरलं आणि डोळे शर्टावरून वर केलेच नाहीत. तो गेल्यावर त्यांनी जाऊबाईंच्या डोळ्यात थेंब घातले, शर्ट गोळा केला आणि उठल्या.

"अगं, त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं?"

"उरलेलं उद्या," काकू म्हणाल्या.