वायसर गप्प नव्हता

माझ्या सासऱ्यांना सगळे फोरमन म्हणतात. कारखाना सोडून त्यांना आठ वर्षं झाली, तरी कोपऱ्यावरचा दुकानदार, वरच्या मजल्यावरच्या काकू, इतकंच काय माझ्या नणंदेच्या सासरची माणसंही फोरमनच म्हणतात. सासूबाई एरवी त्यांना 'अहो' म्हणतात, पण चिडल्या की मला सांगतात, "जा, तुझ्या फोरमनना जेवायला बोलाव." मी त्यांना बाबा म्हणते.

डब्यांची पत्र्याची झाकणं बनवणाऱ्या कारखान्यात त्यांनी छत्तीस वर्षं काढली. पत्र्याची पट्टी आत सरकते, वरून साचा दाणकन आदळतो, झाकण बाहेर पडतं. अशी बावीस मशिनं एका छपराखाली. लग्न झाल्यावर एकदा नवऱ्यानं मला तिथं नेलं होतं. दारातून दहा पावलं आत गेले आणि माझे दात हलायला लागले. बाबा मात्र त्या दणदणाटात आपल्याच घरात फिरावं तसे फिरत होते. एखाद्या मशीनचा संशय आला की त्याच्या अंगावर तळहात ठेवायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे, "खालचा बोल्ट सैल झालाय." बहुतेक वेळा तो झालेला असायचा. कानात बोळे घालायचा तिथं नियम होता. बाबांचे बोळे खिशात असायचे.

मी हॉस्पिटलात कान तपासायचं काम करते. बंद खोलीत माणसाला बसवायचं, हेडफोन लावायचे, जाडेबारीक आवाज सोडायचे. ऐकू आला की त्यानं बटण दाबायचं. दिवसभर लोकांचे कान तपासायचे आणि घरी येऊन सासऱ्यांशी ओरडून बोलायचं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. दहा वर्षं मी त्यांच्या मागे लागले होते.

"मला चांगलं ऐकू येतं," ते म्हणायचे. "तुम्ही लोक तोंडातल्या तोंडात बोलता."

टीव्ही तीन घरांना पुरेल इतका मोठा. सासूबाईंचा घसा बाराही महिने बसलेला.

निवृत्त होणाऱ्याला कारखाना भिंतीवरचं घड्याळ देतो. बाबांना घड्याळाबरोबर एक पाखरूही मिळालं. त्यांच्या हाताखालचा एक कामगार घरी लव्हबर्ड वाढवायचा. त्यानं चमच्यानं भरवून मोठं केलेलं एक पिल्लू बुटांच्या खोक्यात घालून आणलं. हिरवं अंग, नारिंगी तोंड आणि डोळ्याभोवती पांढरं गोल कडं. बाबांनी खोकं उघडून पाहिलं आणि म्हणाले, "डोळ्याला वायसर बसवून आलाय." नटबोल्टखाली चकती घालतात, ती वायसर. तेच नाव पडलं.

वायसरचा पिंजरा गॅलरीत. पिंजरा म्हणजे नावाला, दिवसातले चार-पाच तास तो बाबांच्या खांद्यावरच असायचा. उरलेल्या वेळात तिथून चिर्र करून हाक मारायचा आणि बाबा असतील तिथून शीळ घालायचे. दाढी करताना तोंडाला फेस असला तरी शीळ यायची. लांब एक, आखूड एक. त्यावर वायसर गप्प बसायचा. पाच मिनिटांनी पुन्हा हाक, पुन्हा शीळ. सासूबाई म्हणायच्या, "मला अशी ओ दिली असती, तर संसार सोन्याचा झाला असता."

ती शीळ कधी थांबली हे निदान मला तरी कळायला हवं होतं. कळलं नाही.

कळलं ते पिसांवरून. पिंजरा झाडताना सासूबाईंना तळाशी हिरवी पिसं दिसायला लागली. पहिल्यांदा वाटलं, पिसं झडायचा मोसम असेल. पण पुढच्या पंधरवड्यात वायसरच्या छातीवर पैशाएवढा उघडा भाग दिसला, गुलाबी, खोडरबरासारखा. मग तो तळहाताच्या खळग्याएवढा झाला. एकदा सुट्टीच्या सकाळी मी स्वतः पाहिलं. त्यानं मान वाकवली, चोचीत पीस धरलं, उपटलं, अंगाला झटका बसला, पीस खाली टाकलं आणि दुसरं धरलं. एखादा माणूस नखं खात बसतो तसं.

बाबांनी ते बिघडलेल्या मशीनसारखं हातात घेतलं. वहीत तारखा टाकल्या. आधी दाणे बदलले. मग पिंजऱ्याची जागा बदलली. मग पिंजऱ्याचा एकेक गज काढून, घासून, पुन्हा बसवला, कुठे गंज नको म्हणून. वरच्या काकूंनी अंगाला तेल चोळायला सांगितलं. ते मी चोळू दिलं नाही. पाखरांच्या दुकानदारानं गळ्यात घालायला प्लास्टिकचा पट्टा दिला. तो घातल्यावर वायसर मागच्या मागे कोलांट्या खायला लागला आणि पडून राहिला. बाबांनी तासाभरात पट्टा कापला.

"हातपाय बांधून दुरुस्ती होत नसते," ते म्हणाले.

शेवटी पाखरांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. मी बरोबर गेले, कारण बाबांना डॉक्टरांचं बोलणं ऐकू येणार नाही आणि ते मान हलवून परत येतील हे मला ठाऊक होतं. डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या. त्यांनी वायसरला रुमालात धरलं, भिंगातून कातडी पाहिली, वजन केलं, चोच उघडून पाहिली.

"उवा नाहीत, बुरशी नाही. वजनही ठीक आहे," त्या मोठ्यानं म्हणाल्या. मी खूण केली तशी आणखी मोठ्यानं. "हा मनाचा भाग दिसतो. एकटा असतो का दिवसभर?"

"छे. मी घरातच असतो," बाबा म्हणाले.

"आरडाओरडा करतो?"

"नाही हो. तीच तर काळजी आहे. आधी फार बडबड्या होता. हल्ली वर्षभर अगदी गप्प झालाय."

त्या क्षणी वायसर टेबलावरच्या छोट्या पिंजऱ्यात जीव तोडून ओरडत होता. बाहेर बसलेलं कुणाचं तरी कुत्रं त्याला उत्तर म्हणून भुंकत होतं. डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. घरात तो सकाळपासून संध्याकाळपर्यंत असाच ओरडत असतो, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आम्हाला वाटायचं, बाबांनाही माहीत आहे.

डॉक्टरीणबाईंनी एका कागदावर लिहून दिलं: रोज बारा तास झोप, पिंजऱ्यावर कापड, उथळ ताटलीत आंघोळ, कुरतडायला कागद. आणि जाता जाता मला हळू आवाजात म्हणाल्या, "ही पाखरं थव्यातली. हाक मारली आणि ओ आली नाही, तर त्यांना वाटतं थवा उडून गेला. प्रत्येक वेळी हेच कारण असतं असं नाही. पण तुम्ही बघा."

घरी आल्यावर मी बाबांना गॅलरीत खुर्चीवर बसवलं आणि पिंजऱ्यासमोर उभी राहिले.

"बाबा, तो गप्प नाही."

"काय?"

"तो गप्प नाही. आत्ता ओरडतोय."

ते वायसरकडे पाहत राहिले. चोच उघडत होती, मिटत होती. मग त्यांनी पिंजऱ्याचं दार उघडलं, बोट आत घातलं, तो बोटावर चढला. बाबांनी दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याच्या गळ्याला हलकेच लावली आणि डोळे मिटले. मशीनवर हात ठेवायचे तसेच.

"ओरडतोय," ते म्हणाले. "किती दिवस?"

"वर्ष तरी झालं असेल."

त्यांनी वायसरला खांद्यावर ठेवलं आणि संध्याकाळपर्यंत उठले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी कामाला निघाले तर बाबा इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे. "तुझ्या त्या खोलीत किती वेळ लागतो?"

बंद खोलीत त्यांनी लबाडी केली. काचेतून माझा हात बघून बटण दाबत होते. मी खुर्ची उलटी फिरवली. मग खरं काय ते उतरलं. जाडे आवाज बरे येत होते. बारीक आवाजांकडे गेलं की रेघ कड्यावरून पडावी तशी खाली. असे आलेख मी आठवड्याला वीस काढते. घरातल्या माणसाचा काढताना हात जरा सावकाश चालला, एवढंच.

त्यांना आलेख दाखवला. त्यांनी चष्मा चढवून पाहिला.

"यात वायसर कुठे?"

मी पेन्सिलीनं जागा दाखवली. रेघ त्या जागेच्या बरीच खाली होती, म्हणजे तो आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नव्हता.

"आणि तुझी सासू?"

"त्यांचे शब्द अर्धे इथे, अर्धे तिथे."

"म्हणजे अर्धी ऐकू येते."

"ओरडल्या तर."

दहा दिवसांनी मशीन आलं, दोन्ही कानांना. बाबा खूश होतील असं कुणाला वाटलं असेल तर ते चूक. पहिल्या दिवशी त्यांनी फ्रिजची तक्रार केली, मग पंख्याची, मग स्वतःच्या चपलांची. वर्तमानपत्राचं पान उलटताना दचकले. आणि वायसर ओरडला तेव्हा तोंड वाकडं करून म्हणाले, "हा आवाज याचा नाही. पत्रा घासतोय कुणीतरी."

"कानांना सवय राहिलेली नाही. लागेल," मी म्हटलं. हे वाक्य मी रोज कुणाला ना कुणाला सांगते आणि निम्मे लोक मशीन कपाटात टाकतात.

बाबांनी टाकलं नाही. सकाळी दोन तास, मग चार, मग जेवणापर्यंत. गॅलरीतून चिर्र आली की शीळ. वायसरला पहिले काही दिवस त्या शिळेचं काहीच वाटलं नाही; तो ओरडतच राहिला. बाबाही घालतच राहिले. शिवाय कात्रीनं कागदाच्या पट्ट्या कापायचे, सगळ्या एका मापाच्या, पट्टीनं मोजून. वायसर त्या कुरतडायचा आणि चोचीत धरून मिरवायचा.

इकडे सासूबाई बोलेनाशा झाल्या. दोन दिवस घरात त्यांचा आवाज नाही. बाबांनी जेवताना विचारलं, "तू बोलत का नाहीस?"

"आता ऐकू येतंय ना, मग कशाला बोलू?" त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळानं, ताटातून वर न बघता, "दहा वर्षं घसा फोडला मी. सुनेनं हात जोडले. माझ्यासाठी नाही लावलं मशीन. मूठभर पाखरासाठी लावलं."

माझा नवरा पाणी प्यायला लागला. मीही.

बाबा म्हणाले, "तुझं मला न ऐकताही कळत होतं. त्याचं कळेना."

"कळत होतं तर करत का नव्हता?"

बाबा उठले. त्यांनी आपलं ताट उचललं आणि स्वतः घासून ठेवलं. असं मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

अबोला आणखी एक दिवस टिकला. मग सासूबाई फोनवर नणंदेला हळू आवाजात बाबांविषयी सगळं सांगत होत्या. ताट कसं घासलं, त्याला साबण कसा तसाच राहिला होता. तेवढ्यात गॅलरीतून आवाज आला, "ऐकू येतंय मला."

सासूबाई फोनवर हात ठेवून थांबल्या. मग फोनमध्ये म्हणाल्या, "अगं, आता पंचाईत झाली," आणि हसू आवरेना म्हणून पदर तोंडाला लावला.

वायसरच्या छातीवर दोन महिन्यांनी बारीक काटे उगवले. नवी पिसं अशीच येतात, नळीत गुंडाळलेली. बाबा रोज भिंगातून बघायचे आणि वहीत आकडा लिहायचे. छाती भरली, पोट भरलं. डाव्या पंखाखालची जागा मात्र उघडीच राहिली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "इथली मुळंच गेलीत. इथे आता येणार नाहीत." बाबांना ते लागलं. पंखाखालची ती जागा कुणाला दिसत नाही, पण त्यांना दिसत होती.

हिवाळ्यात त्यानं पुन्हा उपटायला सुरुवात केली. मशीन कानात होतं, शीळ चालू होती, झोप, आंघोळ, कागद, सगळं जिथल्या तिथे. बाबांनी वही तीन-तीनदा वाचली. काहीच सापडेना. मला म्हणाले, "माझ्या हातून काही सुटतंय का?"

"नाही बाबा. तुम्ही सगळं करताय."

"मग का करतो?"

मला माहीत नव्हतं आणि तसं मी सांगितलं. तीन आठवड्यांनी ते आपोआप थांबलं. कशानं सुरू झालं ते जसं कळलं नाही, तसं कशानं थांबलं तेही नाही. बाबांनी त्या पानावर तारीख टाकली आणि पुढे नुसती एक रेघ ओढली. छत्तीस वर्षांत असं मशीन त्यांना भेटलं नसावं.

वसंतात एक दिवस ते माझ्या हॉस्पिटलात आले, बरोबर कारखान्यातले चार जुने साथीदार. चौघेही एकमेकांशी ओरडून बोलत होते आणि सगळी रांग त्यांच्याकडे बघत होती. बाबा एकटे हळू बोलत होते, त्यामुळे बाकीच्यांना त्यांचं काही ऐकू येत नव्हतं.

"यांना एकेक करून आत घे," ते मला म्हणाले. "आणि खुर्ची उलटी ठेव. सगळे लबाड आहेत."

चौघांतल्या तिघांनी मशीन घेतलं. चौथ्यानं सांगितलं, माझ्याकडे पाखरू नाही. त्याला बाबांनी वायसर दाखवायला घरी जेवायला बोलावलं आहे.