आधी शेठचा अंक

आणीबाणीच्या पहिल्या वर्षी भिवंडीतल्या आमच्या वाचनालयात मुंबईहून एक कॅमेरा येणार होता. जुनी कागदपत्रं मायक्रोफिल्मवर उतरवायची होती. फिल्म थोडीच मिळणार, म्हणून आधी काय घ्यायचं ते ठरवायला समिती बसली.

समितीवर मी तरुणांच्या वतीने होते, म्हणजे सतरंज्या घालायच्या आणि ओरडायचं. कॅमेऱ्याची नुसती बोलणी होती तेव्हापासून मी एकच ओरडत होते : लूम कामगारांच्या संपाची पत्रकं आधी घ्या! शेठलोकांचे सत्कार कोण वाचणार आहे? आमचे ग्रंथपाल, सगळ्यांचे चाचा, यांनी ती गुलाबी-पिवळी पत्रकं दोरीने बांधून कपाटात जपली होती.

पण ते ओरडणं आणीबाणीच्या आधीचं. नंतर नारपोलीतून पोलिसांनी दोन कामगार उचलले. कुठे नेले, कुणी सांगेना. आणि प्रत्येक पत्रकाच्या तळाशी, लग्नपत्रिकेत छापतात तशी, 'आपले नम्र' म्हणून नावं. हौसेने छापलेली. नाव आलं की घरचे पत्रक भिंतीला लावायचे. माझ्या दादाचं नाव दर वेळी पहिलं.

अध्यक्ष स्वतः लूममालक. हसून म्हणाले, "ताईंची मागणी मान्य. आधी पत्रकं. एक प्रत इथे, एक सरकारदप्तरी. खूश ना?"

शेठ साधेपणाने बोलले की मुद्दाम, मला अजून कळलेलं नाही. चाचा चष्मा पुसत राहिले. भिंतींवरची पत्रकं लोकांनी कधीच फाडून जाळली होती. ती सगळी नावं आता फक्त आमच्या कपाटात होती. 'नको' म्हणावं तर 'का?' आलंच, आणि त्याचं उत्तर त्या खोलीत देता येत नव्हतं.

"आधी तुमचा सत्काराचा विशेषांक घ्या, शेठ."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. त्याच अंकाला मी भर सभेत रद्दी म्हटलं होतं.

"तब्येत बरी हाय ना, ताई?" मानकोलीचे एक सभासद म्हणाले. हशा झाला.

"शाळेला जागा कुणी दिली ते त्यात आहे. जुने फोटो आहेत." "पत्रकं काय, मागाहून घेऊ."

शेठ म्हणाले, "बघा, पोरगी सुधारली!" अंक पहिला लागला. मग मी वर्तमानपत्रं यादीत वर घ्यायला लावली, मग नगरपालिकेचे अहवाल. पत्रकं तळाला गेली.

कॅमेरा आला. मी पानं उलटायला बसले. "आराम से, बहनजी," ऑपरेटर म्हणायचा. मी आरामातच उलटत होते. शेठला हार, शेठच्या हाती नारळ, शेठ फीत कापताना. मागच्या जाहिरातीसुद्धा सोडल्या नाहीत. दाराशी बुटांचा आवाज झाला की माझे हात थांबायचे.

शेवटच्या दिवशी अहवालसुद्धा संपले. ऑपरेटर म्हणाला, "थोडी फिल्म बची है. वो गुलाबी वाला लाओ ना."

मी शेठचा अंक पुन्हा उघडून त्याच्यापुढे ठेवला. "हे फोटो धूसर आले असतील. परत घ्या."

"सब साफ आया है!"

"परत घ्या. शेठ रागावतील."

त्याने कपाळाला हात लावला आणि फिल्म संपेपर्यंत शेठचे हार काढले.

आता आणीबाणी उठलीय. मुंबईत त्या फिल्मवर शेठ दोनदा हार घालून घेताहेत. पत्रकांच्या कडा झडायला लागल्यात. नवी पोरं मला फाडून खातात : कामगारांचं आधी का नाही घेतलं? बरोबर आहे त्यांचं. मी याहून मोठ्याने ओरडले असते.

यंदा कॅमेरा पुन्हा येतोय. पोरांना म्हटलं, ज्यांची नावं आहेत त्यांना आधी विचारू. सुरुवात दादापासून केली. लूमच्या खडखडाटात त्याच्या कानाशी ओरडून विचारलं. त्याने आधी दाराकडे बघितलं. मग तोंड माझ्या कानाशी आणलं.

"आता नको, बाय. ते दिवस परत आले तं?"

वाचनालयात येऊन मी पत्रकांची दोरी पुन्हा आवळली.