गोदूचं एकच वाक्य

नातीला शाळेच्या नाटकासाठी मिशी चिकटवत होते. डिंकाचा वास नाकात गेला आणि मी थेट काशीतल्या आमच्या शाळेच्या विंगेत जाऊन उभी राहिले.

तेव्हा इंग्रजांचं राज्य होतं. आमच्या नाटकात राजा शोभली असती ती माझी मैत्रीण गोदू. बालाजी घाटावरून तिने हाक मारली की नावेतले मल्लाह वळून बघत. पण नाटक बसवणाऱ्या आमच्या बाईंनी, बहनजींनी, राजा केलं सुशीलेला, कारण ती शाळेच्या सेक्रेटरींची मुलगी. गोदूला दिला द्वारपाल, एका वाक्याचा.

"सरळ नाही म्हणून सांग!" मी धुमसत होते.

गोदू मिशी दाबत म्हणाली, "अगं, राजा येतोय हे लोकांना कळायला नको?"

पडदा उघडला. भाला आपटून गोदू गरजली, "महाराज पधार रहे हैं!"

पहिल्या रांगेतले गोरे साहेब दचकून उभे राहिले. साहेब उठले म्हणून सगळी सभा उठली. विंगेत थरथरणारी सुशीला बघतच राहिली, मग मान ताठ करून आत गेली.

गोदूने बहनजींची चांगली जिरवली, असं तेव्हा मला वाटलं होतं. आज वाटतं, बहनजींनी सुशीलेला नुसता मुकुट दिला होता. राजा तिला गोदूने केलं.