जनकाबाईने गाळलेलं नाव

भगवंतरावांच्या मुलांनी बापाच्या जन्मशताब्दीची स्मरणिका छापली आहे. त्यात लिहिलंय, 'दादांनी वडनेर भोलजीत पहिला रेडिओ आणला आणि गोरगरिबांना गाणं ऐकवलं.' भगवंतराव माझे मोठेबाबा, वडिलांचे थोरले भाऊ. तरी सांगते, हे खोटं आहे. गाणं त्यांनी कधीच पुरतं ऐकवलं नाही.

जिला ऐकू दिलं नाही, ती जनकाबाई. आमच्याच शेतात कामाला यायची. उंच, काळीसावळी, नवरा वारलेला, आणि गळा असा की आसपासच्या पाच गावांत तिच्या गाण्यावाचून हळद लागत नसे.

सदुसष्ट साली मी अकोल्याला कॉलेजात होते, उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी आले होते. दर रविवारी सकाळी रेडिओवर मनोहर वैरागडे नावाचा सोळा वर्षांचा मुलगा गायचा. आम्ही मुली त्याच्यापायी वेड्या झालो होतो. मासिकातला त्याचा फोटो मी वहीत जपला होता. जनकाबाईला दाखवला, तर तिने एकदा पाहून परत दिला. ती ओट्यावर डोळे मिटून नुसती ऐकायची.

"लेकरू कडव्याच्या आधी दम नाही घेत," ती मला म्हणाली. "मधातच चोरून घेते. म्हणून गानं तुटत नाही. अन् मी वीस वर्सं चुकीचं गाऊन राह्यली."

पुढच्या लग्नात ती तसा दम चोरून गायली. मी वहीत जपलेल्या फोटोपेक्षा हे कौतुक कितीतरी खरं होतं.

मोठेबाबा रेडिओला खेटून बसत, हात बटणावर. दोन कडवी होऊ द्यायची, बायका रंगल्या की शेवटच्या कडव्याला खट्. रेडिओचा हिरवा डोळा विझायचा आणि हे बायकांची तोंडं बघत हसायचे. कारण काही नाही. बटण त्यांचं होतं, एवढंच.

मे महिन्यात रेडिओवर सांगितलं, मुलाचा आवाज फुटतोय, पुढच्या रविवारी तो शेवटचा गाईल. त्या रविवारी जनकाबाई आधीच येऊन बसली. आयुष्यात पहिल्यांदा तिने मोठेबाबांकडे काही मागितलं.

"आज पुरं होऊ द्या, मालक. पुन्हा नाही येनार ते."

मोठेबाबांनी मान डोलावली. दोन कडवी झाली. तिसरं सुरू झालं, आणि खट्.

"गानं आयकून पोट भरते काय वं, जनके? पऱ्हाट्या कोन उपटन?"

ती उठली, पदर झटकला आणि कपाशीची वाळलेली झाडं उपटायला शेतात गेली. मी वहीतला फोटो फाडून टाकला. त्या मुलावर राग नव्हता. पण काहीतरी फाडायचं होतं.

आठ दिवसांनी मोठेबाबांच्या लेकीची, शालूची हळद. हळदीच्या गाण्यात घरातल्या एकेकाचं नाव घेतात, सर्वांत शेवटी नवरीच्या बापाचं. ते आलं की गाणं पुरं. मांडव भरलेला, नवरदेवाकडच्या बाया समोर. जनकाबाई अशी गायली की भांडी घासणाऱ्या बाया हात थांबवून बसल्या. आजीचं नाव झालं, काकूचं झालं, मामाचं झालं. बापाचं कडवं आलं. मोठेबाबा फेटा सावरून पुढे सरकले. जनकाबाईने अर्धी ओळ गायली आणि तोंड मिटलं.

काकूने विचारलं, दम लागला का? ती नाही म्हणाली.

"पुरं कर, जनके," मोठेबाबा म्हणाले.

"गानं आयकून पोट भरते काय, मालक?"

असं शांतपणे म्हणून ती मांडवाबाहेर पडली. बाकीच्या बाया हळदीच्या वाटीत बघत राहिल्या. मग मोठेबाबा माझ्याकडे वळले. ते कडवं मला येतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

"मले नाही येत," मी म्हटलं.

स्मरणिकेत त्या हळदीचा फोटो आहे. नांदुऱ्याहून फोटोवाला बोलावला होता, त्याने नेमका तोच क्षण टिपला. मोठेबाबांचा फेटा कडक, तोंड उतरलेलं. खाली मुलांनी छापलंय, 'लेकीच्या वियोगाने व्याकूळ झालेले दादा.'