फाटकावरचा झेंडूचा हार
अजूनही वाळवणावर राख बसली की मला तो झेंडूचा हार आठवतो. परळीच्या वीज केंद्राची राख वाहणाऱ्या टिपरवर माझा लेक ड्रायव्हर होता. झोप येऊ नये म्हणून मालकच त्याला क्रिस्टल नावाच्या नशेची पुडी द्यायचा, पण पोलिसांनी धरला तो लेक. जजसाहेब भला माणूस, म्हणाले, तुरुंगाऐवजी व्यसनमुक्ती केंद्रात उपचार घे. केंद्रातनं सुटायच्या दिवशी मी आणायला गेले, तर पोरगं अंगानं भरलेलं. "आई, आता लई गाढ झोप लागती," म्हणत हसत होतं. धपाट्यांचा डबा त्याच्या हातात देते तोच फाटकावर मालक हार घेऊन हजर! "चल बे, गाडी कवाची उभी हाय." वर मला म्हणतो, "मावशी, सरकारनं कसं चकाचक करून दिलं बघा!" जीभ शिवशिवली, पण लेकाला जामीन तोच राहिलेला, भावकीत कुणी दारात उभं केलं न्हवतं. लेकानं माझ्याकडं बघितलं, मी खाली बघितलं, अन् तो हारासकट गाडीत चढला. आता निजायच्या वेळी फोन करून विचारते, "पाठ टेकलीस का रे?" "टेकली की, आई," म्हणतो, अन् मागं टिपरचं इंजिन गुरगुरत असतं.