आबांचा बर्फ

मे महिन्याच्या भर दुपारी महाडात शाल पांघरणारा माणूस मी एकच पाहिला. बर्फवाले आबा! बिरवाडीच्या कंपन्यांतून सुटलेले कामगार टपरीवर घामाने निथळत असायचे आणि आबा शालीत शिरून म्हणायचे, "वारा सुटलाय बघ. कुत्री आता गाडी वढत नाय."

तरुणपणी आबा जत्रेतल्या तंबू सिनेमात मशीन चालवत. तिथे एक जुना विलायती मूकपट होता. कर्णा बिघडून आवाज बंद पडला की आबा हा मूकपट लावत आणि पडद्याशेजारी उभे राहून गोष्ट सांगत. उत्तरेकडचा बर्फाचा मुलुख, कुत्र्यांनी ओढायच्या गाड्या. झोपडीत एकटी बाई. वादळात दारावर थाप पडते. बाहेर तिचा नवरा की नवऱ्याचा मारेकरी? पुढे सावित्रीच्या पुरात रिळांचे डबे वाहून गेले. दुसरी प्रत कुठेच नाही म्हणतात. आबा मात्र गोष्ट सांगत राहिले, म्हणून ते बर्फवाले. "एक शब्द इकडचा तिकडं करायचा नाय. बाईच्या जिवाचा प्रश्न हाय."

आणि आम्ही? आम्ही नकलाकार! गणपतीच्या मांडवात मी शाल पांघरून हुबेहूब आबा व्हायचो. थाप पडली की दार उघडायचो आणि बाहेर एसटीचा कंडक्टर उभा करायचो. "वहिनी, आंबेनळी घाट बंद हाय. गाडी पुढं जात नाय. च्या टाका!" मांडव हसून लोळायचा.

पहिल्या रांगेतले आबा नंतर म्हणाले, "लोक हसले, बरं झालं. पन ती बाई दाराशीच राहिली रे."

मी तेही वाक्य नकलेत घातलं. वर्षानुवर्षं टाळ्या घेतल्या. खरा शेवट सांगताना आबा आवाज खाली आणत. नेमका तेव्हा मी मनात पुढचा विनोद जुळवत असायचो.

गेल्या वर्षी हरवलेल्या चित्रपटांचा अभ्यास करणाऱ्या एक बाई पुण्याहून आल्या. तोवर आबांचं विस्मरण वाढलं होतं. त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं. "ह्याला विचारा. ह्याला समदं पाठ हाय."

मी सांगू लागलो. कुत्री, वादळ, झोपडी. एकही चाळा केला नाही. दारावर थाप पडली आणि मी अडलो. डोळ्यांपुढे फक्त कंडक्टर.

बाईंचं पेन थांबलं. आबांनी शाल गळ्याशी ओढली.

"मग? दार उघडलं का तिनं?"

"आठवत नाही, आबा."

आबा हळूच म्हणाले, "थंडी हाय रे. किती येळ उभी ठेवशील तिला?"