नायक सेल्वम बाप्पापाशी बसला तेव्हा

सबंध नोकरीत मला बडोद्याची पोस्टिंग एकदाच मिळाली. मी तेव्हा लष्कराच्या इंजिनिअर शाखेत हवालदार होतो. आमचे पणजोबा बडोदा संस्थानाच्या फौजेत होते, तेव्हापासून घर इथलेच. दिवसभर जवानांना ट्रेनिंग द्यायचे आणि संध्याकाळी गोरव्याला घरी जाऊन आईच्या हातचे जेवायचे.

“उस्ताद का पोस्टिंग नहीं, छुट्टी है,” नायक सेल्वम म्हणायचा.

सेल्वम तामिळनाडूतल्या तिरुनेलवेलीकडचा. बडोद्याआधी काश्मीरमध्येही आम्ही एकाच तुकडीत होतो. रस्त्यांवर पेरलेली स्फोटके शोधायची, हे आमचे काम. त्याला हिंदी मोजकी यायची, मराठी अजिबात नाही. बोलणे कमी, नजर तीक्ष्ण.

त्या वर्षी गणपतीत मी त्याला आरतीला घरी बोलावले. आमच्या सोसायटीत रेल्वे आणि रिफायनरीतली मराठी कुटुंबे जास्त, बाकी गुजराती. गणपती कॉमन प्लॉटवर बसायचा. तीन बाजूंना कंपाउंडची भिंत, चौथ्या बाजूला गेट. मागच्या भिंतीपलीकडे एक इंजिनिअरिंग कारखाना. मंडळाच्या कर्त्या मंगलाकाकू. त्यांनी आरतीआधीच सेल्वमला पाटावर बसवून मोदक वाढले.

“हमारे गाँव में भी है,” तो म्हणाला. “पिल्लैयार. कोळुकट्टै खाता है.”

काकूंनी विचारले, “कोळुकट्टै म्हणजे रे काय?”

त्याने ताटातला मोदक उचलून दाखवला.

“घ्या. म्हणजे आमचा बाप्पा तिकडेही जेवून येतो,” काकू म्हणाल्या. “ले, हजु बे ले,” म्हणत त्यांनी आणखी दोन मोदक वाढले. “लाजतोस काय?”

आरती साडेसातला सुरू झाली. ‘घालीन लोटांगण’ चालू असताना गेटपाशी, सायकली लावतात तिथे, स्फोट झाला.

तो कोणी केला, का केला, हे पोलिसांचे आणि कोर्टाचे काम होते. त्यांनी ते केले. मी लिहितो आहे ते त्या संध्याकाळी ज्यांनी माणसे वाचवली त्यांच्याविषयी.

स्फोट झाला की माणूस आवाजापासून लांब पळतो. इथे लांब म्हणजे मूर्तीकडे. दीडदोनशे माणसे स्टेजला चिकटून उभी राहिली. पहिल्यानंतर दुसरा शोधायचा, ही आमची सवय. मी सेल्वमला म्हणालो, “गेट मैं देखता हूँ. तू अंदर देख.”

गेटवर एक टेम्पो पेटला होता. तिथे तिघांचा जीव गेला होता. सायकली सांभाळणारे बाबूराव, शेंगदाणे विकणारा रमेश आणि कॉलेजात जाणारी आमच्या शेजारची नीता. जखमींना बाहेरच्या लोकांनी आधीच रिक्षांत घालायला सुरुवात केली होती. तेवढ्यात सेल्वमची शिट्टी ऐकू आली. मी परत फिरलो.

“उस्ताद. स्टेज के नीचे. बैग.”

“हाथ लगाया?”

“नहीं. वायर दिखता है.”

आमच्याकडे साहित्य काहीच नव्हते. अशा वेळी बॅगेला हात लावायचा नाही, माणसे हलवायची. गेटची वाट आगीने बंद. राहिली मागची भिंत. तिच्यावरून कारखान्याचे फोरमन मनुभाई डोके काढून बघत होते. आमच्या मुलांचे क्रिकेटचे चेंडू कारखान्यात यायचे म्हणून ती भिंत त्यांनीच आदल्या वर्षी उंच करून घेतली होती. त्यावरून सोसायटीशी चांगले भांडण झाले होते.

“शुं थयुं, शिर्केभाई?”

“बॉम्ब. स्टेजखाली आणखी एक आहे. डावा कोपरा फोडा. लवकर.”

“तोडी नाखीए,” ते म्हणाले आणि खाली उतरले.

सेकंड शिफ्टचे कामगार घण घेऊन आले. पाचव्या-सहाव्या घावाला विटा सुटल्या, मग माणूस वाकून जाईल एवढे भगदाड पडले. तो कोपरा स्टेजपासून सर्वांत लांब. मी माणसांना रांगेने तिकडे निघायला सांगितले. पुरुष आणि मुले हलली. बायका हलल्या नाहीत. मंगलाकाकू आरतीचे तबक घेऊन मूर्तीसमोर उभ्या होत्या आणि बाकीच्या त्यांच्या मागे.

“काकू, चला.”

“उत्तरपूजा झालेली नाही. प्राणप्रतिष्ठा केलेली मूर्ती आहे. तिला एकटी टाकून मी जायची नाही.”

“आम्ही उचलतो मूर्ती,” दोन पोरे पुढे आली.

“हात लावू नका,” मी म्हणालो. “स्टेज हललं तर सगळे उडाल.”

“मग ह्यांना घेऊन जा. मी थांबते.”

त्या थांबल्या असत्या तर मागच्या बायका थांबल्या असत्या, आणि त्यांच्या कडेवरची मुलेही. मला आवाज चढवता आला असता. काकू आवाजाला भिणाऱ्यांतल्या नव्हत्या.

सेल्वमने विचारले, “अम्मा क्या बोलता?”

मी एका वाक्यात सांगितले. त्याने बूट काढले. स्टेजच्या पायरीवर मांडी घालून बसला आणि हात जोडले.

“अम्मा, तुम जाओ. मैं बैठा है. पिल्लैयार अकेला नहीं.”

काकूंनी त्याच्याकडे पाहिले. तबकातल्या अक्षता त्याच्या डोक्यावर टाकल्या. मूर्तीला “येते रे,” म्हणाल्या आणि चालू लागल्या. मग सगळ्या निघाल्या.

भगदाडापाशी मनुभाई एकेकीला हात देत होते. “वांका वळो, बेन. धीमे.” काकू दर दहा पावलांना मागे वळून बघायच्या. सेल्वम दिसायचा. पुन्हा चालायच्या. सगळ्यांत शेवटी त्या बाहेर पडल्या. मी हात वर केला. सेल्वम उठला, मूर्तीला नमस्कार केला आणि आमच्या दिशेने निघाला. तेवढ्यात दुसरा स्फोट झाला.

कारखान्याच्या ऑफिसातून मी ड्यूटी ऑफिसरना फोन लावला.

“हवालदार शिर्के, सर. गोरवा. दोन स्फोट. नायक सेल्वम गेला.”

“रिपीट.”

“नायक सेल्वम, सर.”

“दुसऱ्या स्फोटात सिव्हिलियन कॅज्युअल्टी?”

“एकही नाही, सर.”



त्यानंतरचे मी क्रमाने सांगतो. रिक्षावाल्यांनी जखमींच्या खेपा केल्या आणि मीटर पाडले नाहीत. कारखान्याचा ट्रक इस्पितळापर्यंत चालू राहिला. सयाजीगंजच्या हॉस्टेलमधली मुले रक्त द्यायला आली. त्यांना कोणी बोलावले नव्हते. जखमी सगळे वाचले. मनुभाईंनी भिंत पुन्हा बांधली ती पहिल्यासारखी बुटकी. त्यांचे आभार मानायला मी गेलो, तर मला चहा पाजून त्यांनी विषय बदलला.

मूर्तीचे तुकडे झाले होते. पोलिसांचे काम संपल्यावर काकूंनी ते ताब्यात मागितले. विसर्जनाआधी उत्तरपूजा हवीच. गुरुजींनी संकल्पासाठी यजमानाचे नाव विचारले.

“सेल्वम,” काकू म्हणाल्या.

गुरुजी चाचरले. “काकू, गेलेल्या माणसाच्या हातून संकल्प होत नाही.”

“हात माझा घ्या. नाव त्याचं घ्या. तुम्ही-आम्ही उठून गेलो. शेवटपर्यंत बाप्पापाशी कोण बसलं होतं?”

“गोत्र?”

काकूंनी माझ्याकडे पाहिले. मला माहीत नव्हते. गोत्र ठाऊक नसले की काश्यप म्हणतात. गुरुजींनी तसे म्हटले. काकूंनी त्याच्या वतीने पाणी सोडले.

पुढच्या वर्षापासून मंडळाने तेच चालू ठेवले. उत्तरपूजेच्या आधी बाबूराव, रमेश आणि नीता यांची नावे घेतात. मग सेल्वमच्या नावाने संकल्प होतो. काकू होत्या तोवर त्या पाणी सोडायच्या. आता त्यांची सून सोडते.

एका वर्षी सेल्वमची बायको सेल्वी बडोद्याला आली होती. ती काकूंच्या घरी उतरली. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तरी स्वयंपाकघरातून दिवसभर बोलण्याचा आवाज यायचा. उत्तरपूजेला ती काकूंच्या शेजारी बसली. गुरुजी भरभर संस्कृत म्हणत होते. सेल्वी खाली बघत होती. नवऱ्याचे नाव आले तशी तिने मान वर केली आणि काकूंच्या ओंजळीखाली आपली ओंजळ धरली. पाणी दोघींच्या हातांवरून ताम्हनात पडले.